हिरडीची इशारा पातळी

कारध्याच्या लहान पुलापाशी वैनगंगेचं पाणी किती चढलं, याकडे पावसाळ्यात अख्ख्या भंडारा जिल्ह्याचे डोळे लागलेले असतात. २४५ मीटर ही इशारा पातळी, २४५.५० मीटर ही धोक्याची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, नदीने धोक्याची रेषा मागे टाकली आणि भंडारा शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुलावरचा आकडा इथे कोणी हलक्यात घेत नाही.

तोंडातला इशारा मात्र सहज घेतला जातो. सकाळी दात घासताना थुंकीत रक्त दिसलं की माणूस चूळ भरतो आणि कामाला लागतो. फार तर त्या बाजूला ब्रश लावायचं सोडतो. त्याने दुखणं वाढतंच. किडलेली दाढ निदान रात्रीची झोप उडवते, हिरडीचा आजार तसा ठणकत नाही. तो वर्षानुवर्षं मुकाट्याने दाताखालचं हाड झिजवतो आणि एक दिवस अजिबात न किडलेला दात हलायला लागतो. मधुमेह्यांनी तर जास्तच जपावं. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

दातांवर जंतूंचा मऊ थर रोज बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी त्याचा दगड होतो. हा दगड ब्रशला दाद देत नाही, तो दवाखान्यातच काढावा लागतो. 'दात साफ केले की ढिले होतात' ही भीती गावोगावी ऐकू येते. खरं असं की हाड आधीच गेलेलं असतं आणि दगडाने दात जखडून ठेवलेले असतात. दगड निघाला की तो ढिलेपणा कळतो, इतकंच. वरचा दात काढला की नजर जाते, हीही तशीच समजूत. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी.

कीड छोटी असेल तर भरून काम भागतं. ती आतल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल करावं लागतं. त्यात नस काढून मुळाची पोकळी धुतात, भरतात आणि बहुतेक वेळा दाढेवर टोपी बसवतात. दाढ उपटणं स्वस्त वाटतं. पण शेजारचे दात त्या फटीकडे कलतात आणि पुढे कवळीचा किंवा ब्रिजचा खर्च येतोच. वाचण्यासारखी दाढ वाचवावी, असं या स्तंभाचं ठाम मत आहे.

पण पूर्व विदर्भात दातांबद्दल लिहायचं आणि खर्रा वगळायचा, हे होणे नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करणं मात्र थांबलं नाही. तंबाखूचं नाव सगळेच घेतात, सुपारी साळसूदपणे सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवणारी ठरवली. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, पांढुरकी पडते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. तोंडच उघडलं नाही तर दाढ भरणार कशी आणि ब्रश मागे पोहोचणार कसा? ही ताठरता पूर्ववत होत नाही. व्यायाम, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया यांनी थोडी मोकळीक मिळते, पण सुपारी सुटली तरच.

याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावागावांत काम करतं आहे. भंडाऱ्यालाही तशा गावपातळीवरच्या कामाची गरज आहे. नुसत्या फलकांनी खर्रा सुटत नाही.

तोवर प्रत्येकाने घरच्या घरी एवढं करावं. रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटं दात घासावेत. आरशासमोर तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं पुढच्या दातांमध्ये उभी धरून पाहावीत. ती मावत नसतील, हिरडीतून रक्त येत असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर दुखण्याची वाट न पाहता पूल ओलांडून भंडाऱ्याला दंतवैद्याकडे जावं. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयही १९६८ पासून आहे.