किल्लीस बांधावयाची विजेरी

विहिरीवरील मोटारीसाठीं ज्यांच्या वाट्यास रात्रीची वीज येते, त्यांस बॅटरीचें महत्त्व आम्ही काय सांगावें? परंतु घरची मोठी बॅटरी खुंटीवर राहते, आणि वीज आल्याचें कळतांच मालक तसाच बांधाबांधानें निघतो. मण्यार हिंडते ती रात्रीं; घोणस पालापाचोळ्यांत पडली असतां जवळून देखील ओळखूं येत नाहीं. सबब मोटारीच्या खोलीच्या किल्लीसच लहान एलईडी विजेरी बांधलेली असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. किल्ली विसरून कोणी मोटारीवर जात नाहीं.

मात्र निवडतांना पुष्कळ लोक वेष्टनावरील ल्युमेनच्या आंकड्यास भुलतात. आम्हीहि एकदां भुललों. उजेड लखलखीत खरा; पण बोटाएवढ्या नळीस उष्णता बाहेर टाकण्यास जागा ती किती? थोड्याच मिनिटांत नळी हातास चटके देऊं लागली व उजेड आपोआप उतरला. पुढें चौकशी करतां कळलें कीं, एएनएसआय एफएल १ या अमेरिकन प्रमाणाप्रमाणें "इतके तास चालते" याचा अर्थ, लावल्यानंतर ३० सेकंदांनीं जो उजेड असतो त्याचा दहावा हिस्सा उरेपर्यंत चालते! इतर हक्कांचा रकाना न वाचतां सातबारावरील नुसतें क्षेत्र पाहून जमीन घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

पाऊल ठेवण्याची जागा पाहण्यास २०-३० ल्युमेन पुरतात. तेवढा उजेड किती तास टिकतो, हें दुकानदारास विचारावें. सीआर २०३२ या बटणासारख्या चपट्या सेलवरील विजेऱ्या आम्ही खेळण्यांतच जमा धरतों. त्या सेलांतून प्रवाहच थोडा निघतो. शिवाय मुलानें तो गिळल्यास अन्ननलिका भाजून जिवावर बेततें. रिमोटांत बसणारा १.५ व्होल्टचा ट्रिपल-ए सेल गांवच्या दुकानीं मिळतो, म्हणून आमची पसंती त्यास आहे. मोबाइलच्या तारेनें चार्ज होणारी घेतली, तर महिन्यांतून एकदां आठवणीनें लावावी. पाटाचें पाणी धरणारांनीं आयपीएक्स ७ हें चिन्ह पाहावें. अशी विजेरी एक मीटर पाण्यांत ३० मिनिटें तग धरते.

मोबाइलचा दिवा असतांना हा खर्च कशास, असें तरुण मंडळी विचारतील. त्यांनीं ओल्या हातानें तो मोबाइल धरून विहिरीच्या कांठीं एकदां उभें राहून पाहावें. विजेरीस चिमटा असल्यास ती टोपीस अडकते, आणि स्टार्टरची पेटी उघडतांना पायाखालींहि पाहतां येतें.