युनिया कुठे गेली?

मंडळीत बायकांनी गप्प बसावं, हे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातलं वचन मी लहानपणापासून ऐकत आले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा, सोळावा अध्याय मात्र कुणी समजावून सांगितला नाही. 'त्यात नुसती नावंच आहेत' म्हणे! पण त्या नावांत फिबी आहे. पौल स्वतःसाठी वापरतो तोच ग्रीक शब्द, 'दियाकोनोस', तिच्यासाठीही वापरतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र तो 'मिनिस्टर' झाला आणि ती 'सर्व्हंट'! प्रेषितांमधली युनिया तर पुढे चक्क 'युनियास' नावाचा पुरुष ठरवली गेली. चौथ्या शतकात जन्मलेल्या क्रिसोस्टोम या धर्माचार्यानं तिला स्त्री म्हणूनच गौरवलं होतं. श्रद्धा सोडा, असं मी म्हणत नाही. मैत्रिणींनो, पत्र शेवटपर्यंत वाचा आणि गप्प बसवणाऱ्यांना या बायकांची नावं विचारा.