सांगू नका, पाहू द्या

चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी 1967 मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटाला माहितीपट कसे म्हणायचे, असा प्रश्न पडू शकतो. त्यात राजस्थानातली बुंदी, चितोड, जैसलमेर ही गावे दिसतात. पण त्यांचा इतिहास, लोकवस्ती, धंदे यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तटबंदी, माणसे आणि जनावरे यांच्यामधून छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू पुन्हा पुन्हा येतात, सोबतीला विजय राघव राव यांचे संगीत. त्या काळी चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी सरकारी माहितीपट दाखवणे सक्तीचे होते, आणि त्यांतला भारदस्त आवाज काय पाहायचे व त्याचा अर्थ काय, हे आधीच बजावून टाकी. हुसेन यांनी तो आवाजच काढून घेतला. त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात या लघुपटाला ‘गोल्डन बेअर’ पुरस्कार मिळाला.

माझ्या मते तो माहितीपटच आहे. निवेदन शहराची उतरंड लावते: आधी किल्ला, मग राजा, कंदिलाचा नंबर लागतच नाही. चित्रकाराला मात्र चौकटीतल्या प्रत्येक आकाराचे वजन तोलावे लागते. तिथे बुरुज आणि जोडा एकाच पंक्तीला बसतात. गावात राहणाऱ्याचे रोजचे जगणे याच वस्तूंभोवती फिरते. म्हणजे निवेदनातून निसटलेली माहितीच इथे नोंदली जाते.

यावर आक्षेप असा, की सौंदर्याच्या नादात दारिद्र्य आणि पाणीटंचाई झाकली जाते. तो निम्मा खरा आहे. दुष्काळ समजून घ्यायला हा लघुपट कोणी पाहू नये. पण दोष चित्रकाराच्या नजरेचा नव्हे. चित्रकार तय्यब मेहता यांनी 1970 मध्ये केलेला ‘कूडल’ हा लघुपट पाहावा. त्यात मुंबईतली गर्दी आहे आणि वांद्र्याचा कत्तलखानाही. तीही चित्रकाराचीच नजर, तेही काव्यच. पण डोळे मिटून घ्यावेसे वाटायला लावणारे. काव्यात्म म्हणजे गोंडस नव्हे, हे ‘कूडल’ने सिद्ध केले.

आज शहरावरची फिल्म म्हणजे ड्रोनमधून दिसणारे पूल आणि वर घोषणांचा मारा. आपल्या महापालिकांनी अशी एखादी फिल्म कमी करावी आणि ते पैसे एखाद्या चित्रकाराच्या हाती द्यावेत. अट एकच: त्याला निवेदन लिहून देऊ नये.