बंदिशीची पावती

देवाणघेवाण लेखी असावी, हा नियम आपल्या नया बाजारातील लहानसा दुकानदारही पाळतो. चार वार कापड उधारीवर गेले, तरी त्याची वहीत नोंद होते; आणि त्या नोंदीमुळे गिऱ्हाइकाशी असलेल्या स्नेहास बाध आला, असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्या ग्वाल्हेरची कीर्ती गायनामुळे देशभर पसरली, तेथेही एकाने रचलेली चीज दुसऱ्याच्या हाती जाताना कागदाचा कपटाही मध्ये येत नाही. संगीतासारख्या पवित्र विद्येत करारमदाराची भाषा कशाला, असे पुष्कळ सुज्ञ मंडळी विचारतात. आमचे मत याहून भिन्न आहे.

पाश्चात्य संगीताचा मुकुटमणी जो बीथोव्हेन, त्याने १५ जानेवारी १८०१ रोजी व्हिएन्नाहून हॉफमाइस्टर नामक प्रकाशकास स्वहस्ते लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात सिंफनीचे वीस डुकाट, सोनाटाचेही वीस आणि कॉन्चेर्टोचे मात्र दहा, असे भाव त्याने सांगितले आहेत. आणि ती कॉन्चेर्टो आपल्या उत्तम कृतींपैकी नव्हे, म्हणून तिचे मोल कमी, हेही प्रांजळपणे कळविले आहे. याच पत्रात त्याने एक मनोरथ बोलून दाखविला आहे. जगात कलेचे एकच भांडार असावे, कलावंताने आपली कृती तेथे नेऊन द्यावी व गरजेपुरते घ्यावे. म्हणजे त्यास अर्धा व्यापारी होण्याची पाळी येणार नाही. ज्यास व्यवहाराचा असा वीट होता, त्यानेच व्यवहार चोख लिहून ठेवला, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

आपल्याकडे रचनाकाराच्या हक्काची जाणीव नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकातील न्यामतखाँ यांनी आपल्या ख्यालांत 'सदारंग' ही मुद्रा गुंफली. ती एक प्रकारची सहीच होय. बडे महंमदखाँ यांची तानबाजी हस्सूखाँ व हद्दूखाँ यांनी शिंद्यांच्या दरबारी पडद्याआडून ऐकून उचलली आणि त्यामुळे खाँसाहेब रुष्ट होऊन निघून गेले, ही कथा आपल्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपली विद्या न विचारता घेतली गेली, याचे शल्य तेव्हाही होतेच. ते मांडण्यास साधन नव्हते.

विद्या दडवून ठेवावी, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. पंडित भातखंडे हे स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांच्या प्रेरणेने १९१८ साली येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. घराण्यांच्या कंठांत कोंडलेल्या शेकडो चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवून 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत सर्वांस खुल्या केल्या. लिहून ठेवल्याने विद्या आटत नाही. उलट टिकते व पसरते, याचा हा घरचाच दाखला आहे.

कायद्याची दृष्टीही ध्यानात घ्यावी. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिलेली वा छापलेली रचना तेवढीच 'संगीतकृती' ठरत असे. केवळ गळ्यात वसणाऱ्या बंदिशीस तेथे स्थान नव्हते. ही अट १९९४ साली दूर झाली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने, चित्रपटातील गीताचा चित्रपटगृहाबाहेर उपयोग झाल्यास मिळणाऱ्या मानधनातील कवीचा व संगीतकाराचा समान वाटा करारानेही हिरावून घेता येणार नाही, असे ठरले. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मात्र त्याची कृती सर्वांची होते, आणि ते योग्यच आहे.

तरीही पुराव्याचा प्रश्न उरतोच. २०२५ साली डागर घराण्यातील 'शिवस्तुती' व एका चित्रपटातील गीत यांवरून दिल्लीच्या उच्च न्यायालयात वाद झाला. एप्रिलमध्ये एका न्यायमूर्तींनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. एखाद्याने रचना गायिली, एवढ्यावरून ती त्यानेच रचिली असे सिद्ध होत नाही, असा या पीठाचा अभिप्राय पडला. या वादात न्याय कोणाकडे, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु जेथे सारे काही स्मरणावर सोपविलेले असते, तेथे थोरामोठ्यांच्या वारसांसही केवढे सायास पडतात, हे यावरून दिसून येते.

मग जे थोर नाहीत, त्यांचे काय? स्नेहसंमेलनासाठी कोणी शिक्षक स्वागतगीत रचतो, कोणी विद्यार्थिनी त्यास चाल लावते. दोन वर्षांत ते गीत सर्वतोमुखी होते आणि कर्त्यांची नावे मात्र लोपतात. विद्यार्थी मित्रांनो, यावर उपाय सोपा आहे. गीत वहीत उतरविताना शब्द कोणाचे, चाल कोणाची व दिनांक कोणता, हे खाली लिहा. दुसऱ्याचे गीत घ्यावयाचे झाल्यास दोन ओळींचे पत्र लिहून अनुमती मागा, आणि कार्यक्रमपत्रिकेत कर्त्याचे नाव छापा. स्वतःची रचना कोणास द्याल, तेव्हा ती कोणत्या कार्यासाठी, किती काळ व कोणत्या मोबदल्यात दिली, हे लिहून द्या. आणि विनामूल्य दिली असल्यास तसेही लिहा.

असे पत्र म्हणजे अविश्वास नव्हे. गुरूचे नाव घेताना आपण कानाची पाळी धरतो; रचनाकाराचे नाव कागदावर लिहिणे हे त्याच आदराचे दुसरे रूप आहे. दान देणाऱ्याचे औदार्य त्याने आपण होऊन दिले यात असते. त्यास न विचारता घेतले, तर ते दान राहत नाही.