हद्दपारीचा राग आणि नावडत्या माणसाचे हक्क

परदेशी माणूस गुन्हा करतो. न्यायालय त्याला शिक्षा देते. शिक्षा संपत आली की सरकार त्याला मायदेशी पाठवायला निघते आणि तो म्हणतो, "माझी बायको-मुले इथे आहेत", किंवा "तिथे गेलो तर माझा छळ होईल". काही वेळा न्यायाधिकरण त्याचे म्हणणे मान्य करते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो आणि लोक चिडून विचारतात : गुन्हेगाराला मानवी हक्क, मग ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय?

ब्रिटनमध्ये हा राग गेली वीस वर्षे साठत आला आहे आणि आता तो थेट सत्तेच्या राजकारणात उतरला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रिफॉर्म यूके पक्षाचे नायजेल फराज यांनी जाहीर केले की आमची सत्ता आली तर मानवी हक्कांच्या युरोपीय करारातून देश बाहेर काढू. ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनीही तेच वचन दिले. सत्तेत असलेला मजूर पक्ष करार सोडायला तयार नाही. पण नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा अर्थ आवळून घेण्याची घोषणा केली.

लंडनच्या या भांडणाशी नागपूर, औरंगाबाद, मुंबईच्या भीमसैनिकाचा काय संबंध, असे कोणी विचारेल. सरळ संबंध आहे. ज्या देशांच्या गुन्हेगारांना आधी मायदेशी पाठवायचे आणि अपील त्यांनी तिथून करायचे, अशा देशांची यादी ब्रिटनने ऑगस्ट २०२५ मध्ये ८ वरून २३ वर नेली. त्या यादीत भारत आहे. आपली मुलेही शिक्षणासाठी, नोकरीसाठी त्या देशात जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, "गुन्हेगाराला कसले हक्क?" हा प्रश्न आपल्याकडेही रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर शेवटी कोणाच्या अंगावर येते, हे आपल्याला इतिहासाने शिकवले आहे.

राग खोटा नाही

सुरुवात पीडितांपासूनच केली पाहिजे. इंग्लंडमधील रॉशडेल शहरात गरीब घरांतील अल्पवयीन मुलींचे लैंगिक शोषण करणारी टोळी २०१२ मध्ये दोषी ठरली. तिच्यातील पाकिस्तानी वंशाच्या काही गुन्हेगारांचे ब्रिटिश नागरिकत्व काढून घेण्यात आले, हद्दपारीचे आदेशही निघाले. तरी त्यातील दोघे शिक्षा भोगून त्याच शहरात राहिले. ज्या मुलीने न्यायालयात उभे राहून साक्ष दिली, तिला बाजारात तोच माणूस समोर दिसावा, यासारखी दुसरी क्रूर गोष्ट नाही. या रागाला वंशद्वेष म्हणून झटकून टाकणाऱ्यांच्या बाजूने आम्ही नाही.

आपणही हा राग जगलो आहोत. २००६ च्या खैरलांजीनंतर समाज रस्त्यावर उतरला. सत्र न्यायालयाने सहा जणांना दिलेली फाशी २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २५ वर्षांच्या शिक्षेत बदलली, तेव्हा आपल्या वस्त्यांत काय भावना होती ते आठवा. म्हणून ब्रिटनमधील पीडितांना "शांत व्हा" असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र हा राग कोणाकडे वळवला जात आहे, हे तपासण्याचा अधिकार नक्की आहे.

कायदा नेमका काय आहे

मानवी हक्कांचा युरोपीय करार १९५० मध्ये रोम येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात नागरिकांवर त्यांच्याच सरकारांनी केलेले अत्याचार पाहून तो लिहिला गेला आणि तो लिहिण्यात ब्रिटिश वकिलांचा मोठा वाटा होता. युरोपीय संघाशी त्याचा संबंध नाही, म्हणूनच ब्रेक्झिटनंतरही ब्रिटन त्यात आहे. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याने हे हक्क ब्रिटनच्या स्वतःच्या न्यायालयांत मागता येऊ लागले.

हद्दपारीच्या खटल्यांत दोन कलमे मुख्य असतात. कलम ३ छळाला बंदी करते आणि त्याला अपवाद नाही. कलम ८ खासगी व कौटुंबिक जीवनाचे रक्षण करते, पण त्याला मर्यादा आहेत. गुन्हे रोखण्यासाठी सरकार त्यात हस्तक्षेप करू शकते.

ब्रिटनचा कायदा परदेशी गुन्हेगारांबाबत मवाळ आहे, हा समजही बरोबर नाही. २००७ च्या कायद्यानुसार १२ महिने किंवा अधिक शिक्षा झालेल्या परदेशी माणसाची हद्दपारी हाच नियम आहे. २०१४ च्या कायद्याने कलम ८ ची वाट आणखी अरुंद केली. चार वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल तर जोडीदारावर किंवा मुलावर होणारा परिणाम "अवाजवी कठोर" आहे, असे किंवा आपले बहुतेक आयुष्य कायदेशीरपणे ब्रिटनमध्येच गेले आहे, असे दाखवावे लागते. चार वर्षे किंवा त्याहून अधिक असेल तर त्याहूनही वरची, अत्यंत सबळ कारणे लागतात. कुटुंब आहे एवढे सांगून कोणी सुटत नाही. आणि ज्या मुलाचा विचार न्यायालय करते, ते पुष्कळदा ब्रिटिश नागरिक असते, त्याने कोणताही गुन्हा केलेला नसतो.

मांजर आणि चिकन नगेट

मग एवढा संताप कशातून उभा राहिला? दोन उदाहरणे पाहू.

ऑक्टोबर २०११ मध्ये तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगितले की एका माणसाने मांजर पाळली आहे म्हणून त्याला हद्दपार करता आले नाही. सभागृह हसले, देश चिडला. प्रत्यक्षात मांजरीचा उल्लेख जोडीदाराबरोबरच्या दीर्घ सहजीवनाच्या पुराव्यांत एक तपशील म्हणून आला होता. प्रकरणाचा निकाल लागला तो गृहखात्याने स्वतःचेच धोरण पाळले नाही म्हणून. न्यायव्यवस्थेने खुलासा केला, मे यांचे मंत्रिमंडळातील सहकारी केनेथ क्लार्क यांनीही या दाव्यावर आक्षेप घेतला. पण खुलासा कोणाच्या लक्षात राहिला नाही, मांजर तेवढी राहिली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरे प्रकरण गाजले. एका अल्बेनियन गुन्हेगाराच्या मुलाला परदेशातील चिकन नगेट आवडत नाहीत म्हणून बापाची हद्दपारी टळली, अशी बातमी झाली. खालच्या न्यायाधिकरणाने मुलाच्या खाण्याच्या अडचणीचे उदाहरण दिले होते, हे खरे. तो तर्क कच्चा होता, हेही खरे. पण वरच्या न्यायाधिकरणाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणी लावली होती. म्हणजे चूक झाली आणि व्यवस्थेनेच ती पकडली. मोबाइलवर फिरलेल्या बातमीत हा अर्धा भाग बहुतेक ठिकाणी गाळलेला होता.

गाडी अडते कुठे?

२००६ मध्ये उघड झाले की १,०२३ परदेशी कैदी हद्दपारीचा विचारही न होता तुरुंगातून सुटले होते. गृहमंत्री चार्ल्स क्लार्क यांचे पद गेले. यात कोणत्याही न्यायाधीशाने कोणाला अडवले नव्हते. फायली हललेल्या नव्हत्या, एवढेच.

वर सांगितलेले रॉशडेलचे दोन गुन्हेगार घ्या. त्यांनी मानवी हक्कांच्या आधारे अपील केले होते, २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने ते फेटाळले. तरी ते गेले नाहीत, कारण त्यांनी पाकिस्तानी नागरिकत्व सोडले होते आणि पाकिस्तान त्यांना घ्यायला तयार नव्हता. ब्रिटन उद्या करारातून बाहेर पडला तरी हा अडथळा तसाच राहील. पीडित मुलींना मात्र सांगितले जाते की तुमच्या न्यायाच्या आड मानवी हक्क आले.

ऑक्सफर्डच्या बोनावेरो मानवी हक्क संस्थेने २०२५ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, १९८० पासून स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने देशाबाहेर पाठवण्याच्या प्रकरणांत ब्रिटनविरुद्ध निकाल दिले ते अवघे १३. वर्षाला एकही नाही.

अबू कतादा या जहाल धर्मोपदेशकाचे प्रकरणही बोलके आहे. छळ करून मिळवलेला पुरावा त्याच्याविरुद्ध वापरला जाण्याची भीती आहे, म्हणून स्ट्रासबर्गने २०१२ मध्ये त्याला जॉर्डनला पाठवण्यास मनाई केली. ब्रिटनभर संताप झाला. सरकारने मग जॉर्डनशी करार करून तसा पुरावा न वापरण्याची हमी घेतली आणि जुलै २०१३ मध्ये तो ब्रिटनबाहेर गेला. २०१४ मध्ये जॉर्डनच्याच न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कायदा पाळूनही नको असलेल्या माणसाला पाठवता येते, त्यासाठी सरकारला काम करावे लागते.

कलम ३ ला अपवाद का नसावा, याचे उत्तर तर भारताशीच जोडलेले आहे. पंजाबातील करमजित सिंग चहल या शीख कार्यकर्त्याला राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली भारतात पाठवायचे म्हणून ब्रिटनने १९९० पासून सहा वर्षांहून अधिक काळ कोठडीत ठेवले. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गने सांगितले, माणसावर आरोप कोणताही असो, छळाचा खरा धोका असेल तिथे त्याला पाठवता येणार नाही. आपल्या पोलीस कोठड्यांत काय घडते हे माहीत असलेल्या समाजाला या निकालाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

जाळे टाकले की कोण सापडते?

"गुन्हेगार", "घुसखोर" हे शब्द आधी खऱ्या अपराध्यासाठी येतात, मग ते पसरतात. बेकायदा राहणाऱ्यांना जगणे अवघड करण्याचे धोरण ब्रिटनने २०१२ पासून राबवले. २०१८ मध्ये विंडरश प्रकरण उघड झाले. कॅरिबियन देशांतून १९७३ पूर्वी कायदेशीररीत्या आलेल्या, आयुष्यभर राबलेल्या कृष्णवर्णीयांना कागद नाहीत म्हणून नोकरी, उपचार, घर नाकारले गेले होते. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढल्याचे सरकारलाच सांगावे लागले.

हे फक्त तिकडेच घडते असे नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मुस्लिम मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय आहेत हे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले. सुनावणी झाली असती, एक वकील मिळाला असता, तर ही वेळ आली नसती. ज्या प्रक्रियेला "गुन्हेगारांचे लाड" म्हटले जाते, ती प्रक्रिया नसली की निरपराध माणूस सीमेपलीकडे जातो.

आपल्याला हे नवीन नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा गेला, पण पारधी वस्तीवर पडणारी पोलिसांची नजर गेली नाही. तडीपारीची नोटीस गुंडाला निघते तशी चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही निघते.

चकमा बांधवांचा निकाल

बौद्धांनी तर एक निकाल पाठ करून ठेवला पाहिजे. चितगाँगच्या डोंगराळ भागातून धरणामुळे आणि छळामुळे विस्थापित झालेले चकमा बांधव १९६४ पासून भारतात आले. ते बौद्ध आहेत. अरुणाचल प्रदेशात त्यांना राज्य सोडून जाण्याच्या धमक्या मिळू लागल्या. तिथेही स्थानिक लोकांचा राग होता आणि आपली जमीन व संस्कृती यांबद्दलची त्यांची चिंता अगदीच निराधार नव्हती. तरी ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे.

हे शक्य झाले ते संविधानातील एका शब्दामुळे. कलम १९ मधील स्वातंत्र्ये नागरिकांना आहेत, पण कलम १४ आणि २१ मध्ये शब्द आहे "व्यक्ती". परदेशी माणसाला भारतात राहण्याचा हक्क नाही, सरकार त्याला पाठवू शकते. पण पाठवतानाही कायद्याची रीत पाळावीच लागते. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने आणि संविधान सभेने हा फरक जाणीवपूर्वक केला आहे.

आपण काय करायचे

तथागतांच्या काळातला अंगुलिमाल आपल्याला माहीत आहे. तो बदलला, संघात आला. पण भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले, तेव्हा ते सोसायला तथागतांनीच सांगितले. माणूस बदलू शकतो आणि त्याच्या कृत्याचे फळही त्याला चुकत नाही, या दोन्ही गोष्टी धम्म एकाच वेळी मानतो. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, कायद्यात बसत असेल तर हद्दपारीही व्हावी. पण तो माणूस आहे, हे नाकारून नव्हे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अशी बातमी पुढे पाठवण्याआधी निकालात काय लिहिले आहे आणि पुढे अपिलात काय झाले, ते शोधा. पीडितांची बाजू सोडू नका. त्यांना भरपाई, संरक्षण आणि गुन्हेगार कुठे आहे याची माहिती मिळावी यासाठी आपण सर्वांत मोठ्याने बोलले पाहिजे. आणि चुकीचा निकाल चुकीचा म्हणा, पण एका निकालासाठी हक्कांचा कायदाच मोडायला निघालेल्यांना विचारा : उद्या या दारातून आत कोण येणार?

सर्वांच्या लाडक्या माणसाला हक्कांची गरज पडत नाही, समाज त्याला सांभाळून घेतो. कायद्याची गरज नावडत्याला असते. या देशात शतकानुशतके नावडते कोण होते, हे आपण विसरून चालणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!