कार्ड मोठे, अर्थिंग नाही

२०२५ च्या जूनमध्ये कोरेगावात आमच्या आपाच्या घरी भिशी लागली. ऐंशी हजार रुपये. (कोरेगाव म्हणजे सातारा जिल्ह्यातले, पंढरपूर रस्त्यावरचे; भीमेकाठचे नव्हे. हा खुलासा आम्हा मंडळींना जन्मभर करावा लागतो.) दुल्हेभाईंनी आधीच ठरवले होते की या पैशात मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा. भाची बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला, भाचा अकरावीला. तिला प्रोग्रामिंगसाठी हवा, त्याला गेमसाठी. हप्त्यावर घ्यायचा प्रश्नच नव्हता. व्याजाच्या भानगडीत पडायचे नाही म्हणून तर दोन वर्षे भिशी भरली होती. म्हणजे रक्कम एकदाच हातात येणार आणि चुकीच्या जागी गेली तर पुन्हा दोन वर्षे थांबणे आले.

भाच्याने वहीत यादी करून ठेवली होती. आरटीएक्स ४०७० कार्ड, पन्नास हजारांच्या पुढचे. उरलेल्या पैशात जुना आय३ प्रोसेसर, आठ जीबीची एक रॅम, कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस. मॉनिटर नाही, हॉलमधला जुना टीव्ही जोडायचा. यूपीएस नाही. मी वही बघत होतो तेव्हा तो शेजारी उभा राहून एकच वाक्य म्हणत होता, "मामू, कार्ड बडाच होना."

मला त्याच्यावर हसायचा अधिकार नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतः असाच फसलो होतो, आणि मी तर बीएड झालेला शिक्षक. उर्दू आणि मराठीच्या प्रश्नपत्रिका घरी टाइप करता याव्यात म्हणून एका दुकानातून असेम्बल केलेला कॉम्प्युटर घेतला. पाटीवर लिहिले होते: आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त तो आय७ म्हणजे आय७-२६०० होता, इंटेलच्या दुसऱ्या जनरेशनचा, २०११ सालचा. बोर्ड एच६१ चिपसेटचा, त्याच काळातला. आणि कार्ड जीटी ७३०, जे २०१४ मध्ये बाजारात आले तेव्हाही कोणी गेमचे कार्ड म्हणून घेत नव्हते. त्यावर चार जीबी मेमरी होती, पण डीडीआर३ जातीची, मंद. मोठ्या पिंपाला बारीक तोटी असावी तशी.

आय३, आय५, आय७ हे आकडे दुकानातल्या पायऱ्या आहेत, वय नव्हे. वय कळते पुढच्या आकड्यावरून. २६०० म्हणजे दुसरी जनरेशन, १२४०० म्हणजे बारावी. बाराव्या जनरेशनचा आय५ दुसऱ्या जनरेशनच्या आय७ ला केव्हाच मागे टाकतो. त्याला सहा कोअर आहेत, याला चार, आणि प्रत्येक कोअरही कितीतरी वेगवान. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी अशा पाट्या आजही दिसतात. दुकानदार खोटे बोलत नाही, फक्त अर्धे बोलतो. कुरआनात हजरत शुऐब यांच्या कौमची गोष्ट आहे, मापात मारणाऱ्यांची. लहानपणी ती ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर धान्याचा तराजू यायचा. आता पाटी येते.

सूरह रहमानच्या सुरुवातीला मीझान हा शब्द लागोपाठ तीन आयतींत येतो. मीझान म्हणजे तराजू, तोल. खुत्ब्यात तो न्यायाच्या अर्थाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडायला बसलो की मला तोच शब्द आठवतो, कारण यातला कुठलाही भाग एकटा काही करत नाही. आमच्याकडे साखर कारखान्याचे उदाहरण सगळ्यांना लगेच कळते. गव्हाण कितीही मोठी करा. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग अडली असेल तर गाळप वाढत नाही. जीन अॅमडाल नावाच्या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये हेच गणितात मांडले: कामाचा दहावा हिस्सा जर जलद करता येत नसेल, तर बाकीचा कितीही जलद करा, पूर्ण काम दहापटीच्या वर जलद होणार नाही.

पुण्याचा परम संगणक हे याचे आपल्या जवळचे उदाहरण. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात एखादी अजस्र चिप नव्हती. ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिपा एकमेकींना जोडल्या होत्या, आणि त्या एकमेकींशी किती झटपट बोलतात यावर सगळा खेळ होता.

तर भाच्याची यादी. मी त्याला विचारले, टीव्ही किती हर्ट्झचा? साठ. म्हणजे सेकंदाला साठ चित्रे दिसणार. कार्डाने दीडशे काढली तरी नव्वद वाया. आणि दीडशे निघणारच नाहीत, कारण प्रत्येक चित्रासाठी खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली हा हिशेब प्रोसेसर करतो, आणि जुना आय३ तिथेच दमतो. तो खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीए. व्हॅलोरंट हा मुळातच कार्डावर हलका आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेला खेळ आहे. शिवाय विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. जुन्या बोर्डावर त्याचीच पंचाईत. म्हणजे पन्नास हजारांचे कार्ड घेऊन ज्या खेळासाठी घेतले तोच सुरू झाला नसता.

भाचीला मी शेवटी विचारले. ही माझी चूक, आणि ती लिहून ठेवतो, कारण आपल्या घरांत ती सर्रास होते. कॉम्प्युटरची चर्चा मामा, वडील आणि मुलगा करतात; मुलगी चहा आणून ठेवते. तिचे उत्तर सगळ्यांत नेमके होते. कॉलेजात अँड्रॉइड स्टुडिओ आहे. तो, त्याचा एम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा खोटा मोबाइल, आणि ब्राउझरमधली आठ-दहा पाने एकदम उघडली की आठ जीबी रॅम पुरत नाही; गुगलही एम्युलेटरसह १६ जीबी सांगते. हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी. पुढे मशीन लर्निंग शिकायचे आहे, त्यासाठी एनव्हिडियाचे कार्ड असेल तर बरे, कारण बरेचसे शिकवणीचे कोड त्यांच्या कुडावर चालते. वेगवान नसले तरी चालेल, पण कार्डावर मेमरी जास्त हवी.

इथून यादी बदलली. कार्ड ठरले आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचे. भाचा म्हणाला, ४०६० नवे आहे, जास्त फ्रेम देते. खरे आहे. पण त्यावर आठ जीबीच मेमरी, आणि बहिणीच्या कामाला बारा उपयोगी. त्याच्या खेळात जो फरक पडणार होता तो १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर सोसण्यासारखा होता. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

प्रोसेसर आय५ १२४००. त्याचाच भाऊ १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो आणि गेमवाली मुले तोच घेतात. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडले की पडदा काळा, आणि वॉरंटीत गेलेले कार्ड परत यायला किती आठवडे लागतील याचा भरवसा नाही. परीक्षेच्या तोंडावर असे झाले तर? म्हणून एफ नसलेला घेतला. आठ-आठच्या दोन रॅम, एक सोळाची नव्हे, कारण दोन पट्ट्या असल्या की मेमरीच्या दोन वाटा एकदम चालतात. बोर्ड चार खाचांचा, म्हणजे पुढे वाढवता येईल. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. मॉनिटर २४ इंची, १०० हर्ट्झ.

आता खरी गोष्ट. हे सगळे ठरल्यावर मी आपाच्या घरातला प्लग टेस्टर लावून पाहिला. तीन पिनांचा बोर्ड, पण अर्थिंगच्या पिनेला आत वायरच नाही. जुने घर, वायरिंग आजोबांच्या वेळचे. उन्हाळ्यात व्होल्टेज कसे नाचते ते कोरेगावात राहणाऱ्याला सांगायला नको. माझा पाटीवाला कॉम्प्युटर असाच गेला होता, मे महिन्यात, दुपारी. आतला एसएमपीएस उडाला आणि जाताना बोर्ड घेऊन गेला. त्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले होते; हातात घेतला तर कंपासपेटीएवढा हलका.

म्हणून ऐंशी हजारांतले पहिले पैसे वायरमनला दिले. त्याने घरामागे खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केले, दोन खोल्यांत वायर ओढली. दुल्हेभाई म्हणाले, "कॉम्प्युटर घ्यायला निघालो आणि खड्डा खणतोय." पण फ्रिजला हात लावला की जी झिणझिणी यायची ती त्या दिवसापासून बंद झाली, हे आपाने दोन-तीनदा सांगितले.

पाठोपाठ एसएमपीएस. प्रोसेसर जोरात चालला की साधारण ११७ वॅट, कार्ड १७०, बाकी पंखे, डिस्क, रॅम धरून साडेतीनशेच्या आत. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तेवढाच घेतला, ब्राँझ शिक्क्याचा. तो शिक्का वीज किती वाया जाते हे सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही, म्हणून कंपनीची वॉरंटीही पाहिली. पाच वर्षे. यूपीएसमध्ये बहुतेक जण फसतात. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस ६०० वॅट देत नाही, साधारण ३६० वॅट देतो. गेम चालू असताना मॉनिटरसह तेवढे सहज लागते आणि वीज गेली की सगळे एकदम बंद. आम्ही एक केव्हीएचा घेतला. कॅबिनेट पुढून जाळीचे. काचेचे सुंदर दिसते, पण आमच्या धुळीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात हवा आत जायला वाट हवी. सगळ्या वस्तूंची पक्की बिले भाचीच्या फाइलमध्ये आहेत.

दोन आक्षेप मला ऐकायला मिळाले. एक नात्यातल्या बुजुर्गांचा: गेमसाठी खर्च म्हणजे इसराफ, उधळपट्टी, अभ्यासासाठी स्वस्तातला लॅपटॉप पुरे. मी मुफ्ती नाही. मुलगा खेळापायी नमाज आणि अभ्यास सोडत असेल तर तो प्रश्न मुलाचा आणि आईबापांचा, त्याचे उत्तर चार जीबी रॅममध्ये नाही. आणि पंचवीस हजारांचा मंद लॅपटॉप, जो बीसीएच्या तिसऱ्या वर्षी टाकून द्यावा लागतो, तो मला जास्त मोठा इसराफ वाटतो. आपल्याकडे लग्नात एका दिवसाच्या मंडपाला यापेक्षा जास्त जातात आणि तेव्हा हा शब्द कोणी काढत नाही.

दुसरा आक्षेप भाच्याच्या मित्रांचा: एवढ्या पैशात याहून मोठे कार्ड बसले असते. बसले असते.

मशीन हॉलमध्ये ठेवले आहे, मुलाच्या खोलीत नाही. ही अट आपाची होती. संध्याकाळी सात ते नऊ भाचीचे, नऊ ते साडेदहा भाच्याचे, रविवारी भांडण. तिच्या एम्युलेटरचा मोबाइल पडद्यावर काही सेकंदांत उघडतो. त्याचा व्हॅलोरंट मॉनिटरच्या शंभर फ्रेमच्या मर्यादेपर्यंत सहज जातो, आणि तो माझ्याशी पुन्हा बोलू लागला आहे.

एका ठिकाणी मात्र माझा तराजू चुकला. भाची तेव्हाच म्हणत होती, "मामू, बत्तीस जीबी घेऊन टाकू." मी म्हणालो, रिकाम्या खाचा आहेत, दिवाळीनंतर घालू, रॅम काय, स्वस्तच होत जाते. दिवाळीपर्यंत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की जगभर रॅमचे भाव चढले. ज्या पट्ट्या जूनमध्ये घेतल्या त्याच आता दुपटीहून महाग आहेत. दोन खाचा अजून रिकाम्या आहेत, आणि मी घरी गेलो की ती कॅबिनेटच्या काचेतून मला त्या दाखवते.