'सपोर्ट नाही' म्हणजे नेमकं काय?

शार्पचा झॉरस एसएल-५५०० हा २००२ सालचा, खिशात मावणारा संगणक. आत लिनक्स. यादीबाहेरचं ब्लूटूथ कार्ड घातलं की ओळखतच नाही. पण अशी काही कार्डं आतून निव्वळ सिरियल पोर्ट असतात. कार्डाचा ओळख क्रमांक वाचायचा, सेटिंगच्या फाइलीत दोन-तीन ओळी टाकायच्या, 'एचसीआयअटॅच' चालवायचं. झालं! जमतं, कारण फाइल उघडी आहे.

आज बऱ्याच फोनांना कंपनी 'सपोर्ट संपला' म्हणते, वर कुलूपही ठेवते. पैसे आपले, किल्ली त्यांची! केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, मोबाइलही त्यात धरले. माझं म्हणणं एवढंच, नुसते सुटे भाग देऊन भागणार नाही. सपोर्ट बंद करताय ना, मग त्याच दिवशी कुलूपही काढा. आमच्या स्टँडसमोरचा मोबाइल रिपेअरवाला पुढचं बघून घेईल.